माझ्यासमोर तर चालतो

४ जून

वन्सं,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. सगळे म्हणजे मी. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. आधी तब्येत, मग हवापाणी, मग तुमचे दादा, आणि त्यानंतर आपल्यापैकी एक जण फोन आपटते. पत्रात निदान मध्येच तोडता येत नाही. ई-मेल करावी तर ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्यावरच बसून ती लिहावी लागेल.

तक्रार कॉम्प्युटरची आहे. तुम्ही बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात अख्खी नोकरी काढलीत, म्हणून विचारते. दुसरं कुणी असतं तर तुम्हाला विचारलं नसतं, हेही खरं लिहिते.

नाट्यगृहाच्या कपडेपटात मी बेतणी करते हे तुम्हाला माहीत आहे, पण आता ती कशी चालते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कागदावर कोटाचा पुढचा भाग, पाठ, बाही, सगळं काढून कापते. मग ते कागद एका मोठ्या पाटीवर पसरते. ही पाटी तारेनं कॉम्प्युटरला जोडलेली असते. हातात एक ठोकळा असतो, त्याला काचेची खिडकी आणि एक बटण. कागदाच्या कडेनं ठोकळा फिरवायचा आणि दर वळणावर बटण दाबायचं, की तीच रेघ स्क्रीनवर उमटते. एकदा ती आत गेली की जाड्या नटाचा, काडीपैलवान नटाचा, सगळ्यांचे कोट त्या एकावरून निघतात. पाटी जुनी आहे, पण माझ्यासारखीच शिस्तीची आहे.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरनं स्वतःचं स्वतः अपडेट करून घेतलं. मला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून तो काम करता करता गोठतो. बाण हलत नाही, कळ ऐकत नाही, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा जागच्या जागी उभं. शेवटी बटण दाबून त्याचा गळा आवळावा लागतो, आणि तोवर केलेलं काम पाण्यात.

दुरुस्तीला एक तंत्रज्ञ येतो. मी त्याचं नाव रिस्टार्टराव ठेवलंय, कारण त्याला दुसरा मंत्र येत नाही. तो बसतो, ठोकळा घेतो, टकाटक बटणं दाबतो, आणि कॉम्प्युटर त्याच्यापुढे शहाण्या बाळासारखा वागतो. मग तो उठतो आणि म्हणतो, "माझ्यासमोर तर चालतो, मॅडम." परवा त्याच्या जोडीला मॅनेजरही उभा होता. रिस्टार्टराव त्याला म्हणाला, "मशीन ओके आहे सर. मॅडमच काहीतरी दाबत असणार." मॅनेजरनं मान हलवली. माझ्यासमोर! मी तिथेच उभी, गळ्यात टेप, आणि हे दोघं माझ्याबद्दल असे बोलतायत जशी मी तिथली इस्त्रीच.

मी काही दाबत नाही. हे मला सिद्ध करायचंय. कसं करू ते सांगा.

तुमची,
वहिनी


९ जून

वहिनी,

नमस्कार. दचकले नाही, पण पाकीट फोडायच्या आधी खुर्चीत बसले.

"तुम्हीच काहीतरी दाबलं असेल" हे वाक्य मी बँकेत इतक्या लोकांच्या तोंडून इतक्या लोकांना म्हटलेलं ऐकलंय की त्याचा मला वास येतो. ज्याला कारण सापडत नाही तो माणूस हे वाक्य वापरतो. तेव्हा तुमच्या रिस्टार्टरावाचं सोडा.

पण तुमचंही मी आंधळेपणानं मानणार नाही. अपडेटनंतर मशीन गोठायला लागलं म्हणजे अपडेटच दोषी, असं नसतं. खाली लिहिते ते बघून घ्या. कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीत धूळ आणि सुताचे तंतू बसलेत का? शिवणाच्या खोलीत बसतातच. ते ब्रशनं काढा, तोंडानं फुंकू नका. डबा हाताला चटका बसेल इतका तापतो का? आत जागा किती शिल्लक आहे? जुन्या नाटकांचे फोटो कोंबून भरलाय का? आणि मुख्य म्हणजे, तुमची वाफेची इस्त्री त्याच बोर्डावर लावलेली आहे का? असेल तर आजच्या आज दुसरीकडे लावा. इस्त्री वीज ओढायला लागली की मशीनचा जीव घाबरा होतो.

आणि एक करा. मशीन कधी गोठतं ते लिहू नका. गोठण्याआधी तुमचे हात काय करत होते ते लिहा. लोक नेहमी स्क्रीनकडे बघून सांगतात. स्क्रीन काही सांगत नसते.

माझा गुडघा तसाच आहे. खालच्या औषधवाल्यानं दुकान रंगवलंय, निळं, डोळ्यांना त्रास होतो. बाकी काही नवीन नाही.

वन्सं


१५ जून

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र कपडेपटातच वाचलं, कारण घरी जाईपर्यंत धीर नव्हता.

जाळी साफ केली. आतून निघालेल्या सुतात एखादी बाहुली भरून झाली असती. डबा कोमट आहे, माझ्या हाताला चटका कशाचाच बसत नाही, म्हणून काजं-बटणं करणाऱ्या मावशींना हात लावून बघायला सांगितलं, त्याही म्हणाल्या कोमट. जागा भरपूर आहे. इस्त्री पार दाराजवळ नेली, आता येणारा-जाणारा तारेत पाय अडकवतो आणि मला शिव्या घालतो. एवढं सगळं केलं आणि दुसऱ्याच दिवशी मेलं ते पुन्हा गोठलं.

आता तुम्ही विचारलेलं. हात काय करत होते. मुंढा पाटीवर घेतला, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई. पूर्ण झाला, ठोकळा बाजूला ठेवला. मग माझी जुनी खोड, तुम्हाला माहीत आहे, टेप उभी धरून कागदावरचा मुंढा परत मोजला, बाहीची गोलाई मोजली, दोन्ही ताडून बघितल्या. टेप आडवी लावली की वळणावर ती खोटं बोलते, म्हणून उभी. हे करता करता चहा आला, तो घेतला, म्हणजे अर्धा घेतला, अर्धा नेहमीसारखा गार झाला. मग ठोकळा उचलून पाठीच्या पहिल्या कोपऱ्यावर बटण दाबलं आणि सगळं ठप्प. बस. यात मी काय चुकीचं दाबलं ते तुम्हीच दाखवा.

पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहिणारच नव्हते, पण आता पाणी नाकाशी आलंय. नवीन दरबारी नाटकाचा पुढच्या महिन्याअखेर पडदा उघडतोय. पहारेकऱ्यांचे कोट, राजाचा झगा, सगळी बेतणी माझी. मॅनेजरनं मला बोलावून खुर्ची दिली. तो खुर्ची देतो तेव्हा समजायचं की काहीतरी काढून घेणार आहे. म्हणाला, काम असंच अडकत राहिलं तर बेतणी बाहेरच्या कंपनीकडे द्यावी लागेल, ते सगळं कॉम्प्युटरवरच करतात, मग कपडेपटात नुसती दुरुस्ती राहील. "आणि मॅडम, तुमचंही वय झालं. नवीन सिस्टीम तुम्हाला झेपत नाही, असं स्वतःहून लिहून दिलंत तर आम्ही तुम्हाला सन्मानानं निरोप देऊ." सन्मानानं! म्हणजे हार आणि घड्याळ. घड्याळ घेऊन मी काय बघत बसू?

मी लिहून देणार नाही. वेळ आली तर काढून टाका म्हणावं, पण मला झेपत नाही असं माझ्या हातानं मी लिहिणार नाही. हे खोटं आहे, वन्सं. जाताना मी खोटी सही करून जाणार नाही.

वहिनी


२० जून

वहिनी,

नमस्कार. पत्र वाचून मी बराच वेळ खिडकीत उभी होते. समोरच्या शाळेच्या मैदानावर मुलं धावत होती, त्यांच्याकडे बघत होते पण दिसत काही नव्हतं.

मशीनचं सांगते. मेमरी खराब असू शकते. अपडेट अर्धवट बसलेलं असू शकतं. रिस्टार्टरावाला सांगा की अपडेट काढून जुनं परत घाल. तो म्हणेल मुदत संपली, तसं होत नाही. तर मग काही इलाज नाही.

आता मशीन सोडून बोलते. वहिनी, तुम्ही कुणासाठी एवढं करताय? तळघरातली खोली, वरून नटांच्या बुटांचा धाडधाड आवाज, दिवसभर ट्यूबलाइट. त्या मॅनेजरला तुमची किंमत नाही. तुम्ही त्याच्या तोंडावर नोकरी फेका आणि इकडे या. मागच्या खोलीला उजेड आहे. पलंग आहे, शिलाई मशीन ठेवायला कोपरा आहे. मी ती खोली कुणाला भाड्यानं दिलेली नाही, का दिली नाही ते तुम्हाला कळत असेल. दादा गेल्यावर मी बोलले ते चुकीच्या शब्दांत बोलले असेन, पण चुकीचं बोलले नव्हते. एकटीनं किती दिवस रेटणार?

बँकेत मलाही असंच खुर्ची देऊन बसवलं होतं. मी सही केली आणि मोकळी झाले. काही आकाश कोसळलं नाही.

वन्सं


२४ जून

वन्सं,

मी मशीनची दुरुस्ती विचारली होती, माझी नाही.

"एकटीनं तुम्हाला जमायचं नाही" हे तुम्ही तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणालात. त्या दिवशी मी तुमची बॅग दाराबाहेर ठेवली होती. आता तेच मॅनेजर म्हणतो, त्याची बॅग ठेवायला मला दार नाही, एवढाच फरक. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही, पण बोलता अगदी एका सुरात.

हे गेले तेव्हा घरात मला करायला काही नव्हतं. त्यांचे शर्ट घडी करून ठेवायचे, परत उलगडायचे, एवढंच चालायचं. कामावर परत गेले त्या दिवशी एका नटीचा झगा बेतला आणि हात थरथरला नाही. त्या दिवशी मला कळलं की मी जगणार. ती तळघरातली खोली मला काय आहे ते तुम्हाला उजेडाच्या खोलीत बसून कळणार नाही. मला बूट वाजलेले आवडतात. वर माणसं चालतायत आणि त्यांच्या अंगावर मी बेतलेलं काहीतरी आहे, हे ऐकू येतं त्यात.

तुम्ही सही केलीत आणि मोकळ्या झालात. मग पत्रात दोन ओळी औषधवाल्याच्या रंगावर का लिहिता? मोकळ्या माणसाला एवढं रिकामपण असतं?

मॅनेजरनं पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तुमच्याकडून काही नको. तुमची खोली कुणाला तरी भाड्यानं देऊन टाका.

वहिनी


३ जुलै

वहिनी,

पाकीट न फोडता कचऱ्यात टाकलं नाहीत, हे धरून चालते.

मी माफी मागत नाही. आपल्या दोघींनाही ते जमत नाही, उगाच सोंग कशाला? पण तुम्ही औषधवाल्याबद्दल लिहिलंत ते बरोबर घाव बसेल असंच लिहिलंत. चार दिवस मी तुमच्यावर दात ओठ खाल्ले. मग तुमची सगळी पत्रं टेबलावर मांडली आणि बँकेत वाचायचे तशी वाचली, म्हणजे माणूस बाजूला ठेवून.

पंधरा जूनच्या पत्रात उत्तर होतं, वहिनी. मीच विचारलं होतं की हात काय करत होते, आणि तुम्ही सांगितलं, आणि मला ते दिसलं नाही. का दिसलं नाही तेही लिहिते. मला दिसायला नको होतं. मशीन बिघडलेलंच राहिलं तर तुम्ही इकडे याल, असं मनाच्या एका कोपऱ्यात होतं. झालं लिहून. आता कामाचं.

तुमचे हात काही करत नव्हते. तेच उत्तर आहे.

तुम्ही मुंढा घेता, ठोकळा ठेवता, टेपनं मोजता, चहा गार करता. तेवढा वेळ पाटीला कुणी हात लावत नाही. वीज वाचवायला कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. तारेनं जोडलेल्या वस्तूला बराच वेळ काही काम नसलं की तो तिची वीज तोडतो, म्हणजे तिला झोपवतो. कुणी बटण दाबलं की परत उठवतो. नवीन वस्तू उठतात. तुमची पाटी जुनी, ती झोपेतून उठताना असा काही गोंधळ घालते की सगळं मशीन तिची वाट बघत उभं राहतं. आधी ही सोय तुमच्या मशीनवर बंद असणार. अपडेटनं ती परत चालू करून ठेवली. अपडेटला असली खोड असते.

आता रिस्टार्टरावाकडे बघा. तो येतो, टकाटक बटणं दाबतो, मध्ये थांबतच नाही. पाटीला झोपायला तो सवडच देत नाही. मग त्याच्यासमोर चालणार नाही तर काय? हे मशीन फक्त थांबून मोजणाऱ्या माणसाच्या हातात गोठतं. आणि त्या सबंध इमारतीत थांबून मोजणारं माणूस एकच आहे.

दुरुस्ती: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जायचं, यूएसबीच्या यादीतली एकेक ओळ उघडायची, पॉवर मॅनेजमेंटमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्यावं" अशा अर्थाची एक खूण असते, ती काढायची. संपलं. पण याला त्या तंत्रज्ञाचा पासवर्ड लागेल, आणि तुम्ही मागितलात तर तो गुपचूप स्वतः खूण काढेल आणि वर म्हणेल, बघा मॅडम, माझ्यासमोर चालतो. म्हणून दुरुस्ती आधी करायची नाही. आधी सगळ्यांना एकत्र बोलवा. रिस्टार्टरावालाच मुंढा घ्यायला लावा. मग कुणीही कशाला हात लावायचा नाही. तुमचा चहा गार होऊ द्या. आणि मग बटण तुम्ही दाबू नका. मॅनेजरला दाबू द्या.

माझी खात्री आहे. तरी सांगते, मशीन समोर नसताना लिहितेय, चुकूही शकते. चुकले तर तुमचं हसं होईल आणि त्याला जबाबदार मी. धोका पत्करायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

खोली भाड्यानं देणार नाही. ती माझी खोली आहे, तुम्ही सांगून मी देणार नाही.

वन्सं


१० जुलै

वन्सं,

नमस्कार, आणि आता खुर्चीत बसूनच वाचा.

तुमचं पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी मिळालं. तुमच्या टपालखात्याचाही मॅनेजर बदलायला हवा. वाचलं, आणि आधी मला तुमचा राग आला, मग स्वतःचा, मग हसू आलं. मावशींनी विचारलं काय झालं. म्हटलं, "माझ्या नणंदेला कारण सापडलंय." त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच त्या का, ज्यांची बॅग तुम्ही...?" म्हटलं, त्याच.

आज सकाळी मॅनेजर खाली आला तो हातात कागद घेऊनच. सन्मानाचा कागद, टाइप केलेला, खाली माझ्या सहीला जागा. बरोबर रिस्टार्टराव. मी म्हटलं, "सही करते. पण एकदा शेवटचं, यांनी माझ्यासमोर मशीन चालवून दाखवावं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते." मॅनेजरला वाटलं, बाई नरमली. तो खूश झाला आणि स्टुलावर बसलासुद्धा.

रिस्टार्टरावानं ठोकळा घेतला. टकाटक, टकाटक, मुंढा झाला. कसाबसा झाला, तो कोट घालणाऱ्याचा खांदा कानाला लागला असता, पण झाला. "बघा मॅडम," तो म्हणाला, "माझ्यासमोर तर—" मी म्हटलं, "थांबा. आता मी नेहमी मोजते तेवढा वेळ द्या." मी टेप घेतली आणि मोजायला लागले. कागदावर, पाटीला न लावता. तुम्ही चुकल्या असतात तर मी त्या कागदावर सही करायला बांधलेली होते, आणि त्या सहीनंतर मला स्वतःला आरशात बघवलं नसतं.

वर तालीम चालली होती, पहारेकरी इकडून तिकडे चालत होते. मावशींनी चहा आणला. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. रिस्टार्टराव माऊसकडे हात न्यायला लागला तेव्हा मावशी त्याला म्हणाल्या, "हात लावू नकोस रे, बाईंचं माप चाललंय." त्या बाईला माझा बेत माहीत नव्हता, पण आवाज असा लावला की त्यानं हात खिशात घातला.

माझा चहा गार झाला. वर साय धरली. मी टेप गळ्यात टाकली, हात परत पाठीमागे बांधले आणि मॅनेजरला म्हटलं, "साहेब, आता पाठीचा पहिला कोपरा तुम्ही घ्या. माझा हात लागला की मशीन बिघडतं ना?" तो हसला, ठोकळा धरला, काचेतून बघितलं आणि बटण दाबलं.

वन्सं, ठप्प! बाण गेला, रेघ गेली, घड्याळ उभं. त्यानं परत दाबलं. परत दाबलं. मग जोरानं दाबलं, जसं काही जोरात दाबलं की ऐकेल. त्याचे कान लाल झाले. मी हात पाठीमागून न सोडताच म्हटलं, "साहेब, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार."

मावशी मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबला.

मग मी तुमचं पत्र काढलं आणि डिव्हाइस मॅनेजरचा परिच्छेद मोठ्यानं वाचला, एकेक शब्द. रिस्टार्टरावानं मशीन परत चालू केलं, यादी उघडली, खूण तिथे होती. त्याचा चेहरा बघायला तुम्ही हव्या होतात. त्यानं खूण काढली आणि पाण्यात गेलेला मुंढा परत घेतला, तसाच टकाटक. आम्ही परत चहा गार केला, सगळ्यांनी मिळून. परत बटण दाबलं. चाललं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकदाही गोठलेलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण मॅनेजर मॅनेजर आहे. कागद घडी करत तो म्हणाला, "म्हणजे प्रश्न तुमच्या थांबण्यामुळे झाला. मध्ये थांबता कशाला मॅडम? सलग करा ना. बाहेरची कंपनी काही टेप घेऊन मोजत बसत नाही." तेव्हा मात्र माझा तोल गेला, आणि बरं झालं गेला. मी म्हटलं, "साहेब, राजानं तलवार उपसायला हात वर केला आणि त्याची काख टरकन फाटली, तर लोक तुमच्या कॉम्प्युटरला हसणार नाहीत. आजवर एकही फाटली नाही, कारण मी थांबते. मी आजही थांबणार, उद्याही थांबणार. तुम्हाला न थांबणारं माणूस हवं असेल तर ते हे बघा उभंय," आणि रिस्टार्टरावाचा मुंढा कागदावर छापून मॅनेजरच्या हातात ठेवला. "याचा कोट शिवते, तुम्ही घालून दाखवा."

त्यानं कागद उलटसुलट बघितला. मग सन्मानाचा कागद खिशात घातला आणि वर निघून गेला. दुपारी निरोप आला: राजाचा झगा आणि पहारेकऱ्यांचे कोट तुम्हीच बेता. बाहेरच्या कंपनीचं त्यात नावही नव्हतं.

आता तुमच्याबद्दल. मला दिसायला नको होतं असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडी रडले. मग विचार केला, नको असतानाही बघितलंत आणि लिहून पाठवलंत, आता मी तुमच्या खोलीत येणार नाही हे माहीत असून. माझ्या माहितीत असं कुणी केलेलं नाही. एवढं लिहिते आणि पुढे जाते, नाहीतर आपल्या दोघींची पंचाईत होईल.

तुमच्यासाठी कोट बेतणार आहे. चांगल्या कापडाचा, राजाच्या झग्याच्या तुकड्यातला नाही, नवा. माझ्याजवळ तुमचं जुनं माप आहे, पण जुन्या मापावर मी कापत नाही. आणि माप पत्रानं पाठवायचं म्हणाल तर चालणार नाही, तुम्ही टेप आडवी लावाल. पडदा उघडायच्या आधी या. बॅग आत ठेवीन.

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

नमस्कार. पत्र खालच्या औषधवाल्याला वाचून दाखवलं. "तुम्हीच काहीतरी दाबलं असणार" इथे तो इतका हसला की गिऱ्हाईक बाहेर थांबलं. मग म्हणाला, बाई, माझं बिलाचं मशीनही अपडेटपासून गोठतंय, दुरुस्तीवाला म्हणतो मीच काहीतरी करतो. मी त्याला म्हटलं, आत येते, पण आधी गप्प बसून तुझे हात बघणार. उद्यापासून रोज थोडा वेळ तिथे बसायचं ठरलंय. बँकेत सही केली ती केली. हात काही त्यांच्याकडे ठेवून आले नव्हते.

रंग अजूनही भयंकर आहे. आतून बघितला तर तेवढा वाटत नाही.

शनिवारच्या गाडीनं येते. राहायला नाही, माप द्यायला. गुडघ्यामुळे तळघराचे जिने हळू उतरीन, त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलायचं नाही. माप घेताना घाई करू नका. टेप उभी लावा, परत लावा, चहा गार होऊ द्या.

मी थांबते.

वन्सं